कामाच्या शब्दांची कुळकथा

युरोपाचा नकाशा समोर घ्यावा आणि प्रत्येक देशावर तेथील माणसे 'काम' या अर्थी रोज वापरतात तो शब्द लिहीत जावे. फ्रान्सवर 'त्राव्हाय', स्पेनवर 'त्राबाखो', पोर्तुगालवर 'त्राबाल्यो', जर्मनीवर 'आर्बाइट', रशियावर 'राबोता', हंगेरी आणि रुमानिया या शेजाऱ्यांवर जवळजवळ सारखाच 'मुंका', ग्रीसवर 'दुल्या'. हे सारे शब्द आज अगदी निरुपद्रवी आहेत. माणसे ते उच्चारून नोकरी मागतात, कामावर जातात, कामाचे तास मोजतात, कामाचा अभिमान बाळगतात. परंतु यांतील प्रत्येकाच्या मागे चालत गेले, की वाटेत कोठे तरी छळ, पोरकेपण, वेठ किंवा गुलामी यांची गाठ पडते. एका खंडातील इतक्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांनी एकाच गोष्टीला नाव देताना दुःखाचाच आधार घ्यावा, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हे.

त्याहून मोठे कोडे पुढे आहे. यातनेचे हे शब्द सन्मानाचे कसे झाले? कोणाच्या सांगण्यावरून झाले? आणि तो सन्मान अखेर कोणाच्या पदरात पडला? या प्रश्नांची उत्तरे केवळ व्युत्पत्तिकोशात मिळत नाहीत, असे आम्हाला वाटते. ती शोधण्यासाठी शब्दांबरोबर थोडा इतिहासही चाळावा लागतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युरोपातील बहुतेक जुन्या भाषांत कामासाठी एक नव्हे, दोन शब्द होते. हाना आरेंट या विदुषीने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या जोड्यांकडे लक्ष वेधले होते. ग्रीकांचे 'एर्गोन' आणि 'पोनोस', रोमनांचे 'ओपुस' आणि 'लाबोर', फ्रेंचांचे 'अव्र' आणि 'त्राव्हाय', जर्मनांचे 'वेर्क' आणि 'आर्बाइट'. जोडीतला पहिला शब्द हातून घडलेल्या, मागे उरणाऱ्या वस्तूचा : घडा, भिंत, ग्रंथ. दुसरा शब्द ती घडताना देहाला होणाऱ्या त्रासाचा. त्याच्यामागे घामाखेरीज काही उरत नाही.

पहिल्या शब्दाला मान होता. 'एर्गोन' आणि इंग्रजीतील 'वर्क' ही एकाच मुळाची दोन रूपे. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास होऊन गेलेल्या हेसिओडच्या काव्याच्या नावातच हा शब्द आहे आणि शेतीचे कष्ट करण्यात लाज नाही, असे त्याचे बजावणे आहे. 'ऊर्जा' या अर्थी आपण जो 'एनर्जी' शब्द वापरतो, त्याच्या पोटात एर्गोन आहे. 'सर्जन' म्हणजे मुळात हाताने काम करणारा. 'जॉर्ज' हे राजेरजवाड्यांचे नाव ज्या ग्रीक शब्दापासून आले, त्याचा अर्थ जमिनीचे काम करणारा, म्हणजे शेतकरी. पोनोसची गोष्ट वेगळी. त्याच हेसिओडने देवांची वंशावळ सांगताना पोनोस हे कलहदेवतेचे अपत्य म्हणून नोंदवले आहे. भूक, विस्मरण आणि वेदना ही त्याची भावंडे.

अशी विभागणी करणारे लोक स्वतः कोणते काम करीत होते, हेही पाहावे. ग्रीक भाषेत फुरसतीला 'स्खोले' म्हणत. आजच्या 'स्कूल'चा हा पूर्वज. जो कामात आहे त्याच्या अवस्थेला शब्द होता 'अस्खोलिया', म्हणजे फुरसत नसणे. रोमनांनी हेच केले. 'ओतियुम' म्हणजे निवांतपणा आणि त्याचा अभाव तो 'नेगोतियुम'. स्पेनमधील दुकानदार आपल्या धंद्याला 'नेगोसियो' म्हणतो, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोणा जमीनदाराच्या नजरेने तो स्वतःकडे पाहत असतो. फुरसत हीच मूळ स्थिती आणि काम हा तिच्यातला व्यत्यय, असे ज्याला वाटू शकते, त्याच्या घरी काम करायला दुसरे कोणीतरी असते. ते दुसरे कोणीतरी लिहीत नव्हते. त्यामुळे त्यांचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत फारसे आलेले नाहीत.

आता दुसऱ्या, दुःखी शाखेकडे वळू. लॅटिन 'लाबोर' म्हणजे ओझे, शीण, हाल. ओझ्याखाली डळमळणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी त्याचे नाते असावे, असे काही अभ्यासक मानतात. त्याच्या वंशजांपैकी फ्रेंच 'लाबुरे' आणि स्पॅनिश 'लाब्रार' यांचा अर्थ नांगरणे असा झाला. इंग्रजीत 'लेबर' हा शब्द मजुरीला आहे तसाच प्रसूतिवेदनांनाही. फ्रेंचमध्येही 'त्राव्हाय' या एकाच शब्दात कारखान्यातले काम आणि बाळंतिणीच्या कळा दोन्ही मावतात. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आदम आणि हव्वा यांना एकाच वेळी शिक्षा सुनावली जाते : त्याने घाम गाळून भाकरी मिळवावी, तिने वेदना सोसून मुले जन्माला घालावीत. एका शब्दाने दोन्ही शिक्षा सांगणाऱ्या भाषा ही कथा शतकानुशतके ऐकत आल्या होत्या.

'त्राव्हाय'ची व्युत्पत्ती सर्वांत प्रसिद्ध आहे. लॅटिनमध्ये 'त्रेस' म्हणजे तीन आणि 'पालुस' म्हणजे खांब. या दोहोंपासून 'त्रिपालियुम' किंवा 'त्रेपालियुम', म्हणजे तीन खांबांचे छळयंत्र. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील ओसेर येथे भरलेल्या धर्मसभेने केलेल्या नियमांत हा शब्द आढळतो. आरोपींचा जेथे छळ होतो त्या त्रेपालियुमपाशी धर्मोपदेशकाने उभे राहू नये, असा तो नियम. नाल ठोकताना घोडा किंवा बैल हलू नये म्हणून ज्या चौकटीत बांधतात, तिलाही फ्रेंच भाषेत 'त्राव्हाय'च म्हणतात. काम म्हणजे छळ, आणि हे खुद्द शब्दच सांगतो, हे वाक्य फ्रान्समध्ये जेवणाच्या टेबलापासून संपाच्या सभेपर्यंत सर्वत्र ऐकू येते.

पण एवढ्या सोयीच्या व्युत्पत्तीकडे जरा सावधपणेच पाहावे. अलीकडच्या काळात काही फ्रेंच भाषाभ्यासकांनी तिच्यावर आक्षेप घेतले आहेत. ध्वनिबदलाचे नियम येथे नीट बसत नाहीत, आणि तुळई या अर्थाच्या लॅटिन 'त्राब्स' शब्दापासूनही हा शब्द निघू शकतो, असे त्यांचे म्हणणे. वाद मिटलेला नाही. आमच्या मते तो मिटण्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. 'एटिमॉलॉजी' या शास्त्राच्या नावातच 'एटिमोस' म्हणजे 'खरा' हा ग्रीक शब्द आहे; शब्दाचे मूळ सापडले की त्याचा खरा अर्थ सापडला, असे आश्वासन ते नाव देते. हे आश्वासन फसवे आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मवेळी ठरत नाही. तो माणसांच्या तोंडी ठरतो. त्रेपालियुमचे काहीही होवो, मध्ययुगीन फ्रेंचमध्ये 'त्राव्हाय' म्हणजे यातना होत्या, हे ग्रंथांतून सिद्ध आहे. त्यासाठी अनुमानाची गरज नाही.

शेजारच्या भाषाही तीच साक्ष देतात. सर्व्हान्तेसची शेवटची कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १६१७ साली निघाली. तिच्या शीर्षकात नायक-नायिकेचे 'त्राबाखोस' आहेत. ते त्यांच्या नोकऱ्यांविषयी नसून त्यांनी सोसलेल्या संकटांविषयी आहेत. इटालियन भाषेने या कुळातील 'त्राव्हाल्यो' शब्द मनस्ताप आणि प्रसूतिवेदना यांच्यासाठीच राखून ठेवला आणि कामासाठी लाबोरपासून आलेला 'लाव्होरो' वापरला. सर्वांत चमत्कारिक वाट इंग्रजीत फुटली. फ्रेंचांकडून घेतलेला हा शब्द हालअपेष्टा या अर्थी 'ट्रॅव्हेल' असा राहिला, आणि त्याच्याच जुळ्या भावाचा अर्थ झाला प्रवास. मध्ययुगातील रस्ते, दरोडेखोर आणि धर्मशाळा यांची कल्पना केली तर हे अर्थांतर समजण्यास फारसे कठीण जात नाही.

फ्रेंच भाषेत कामासाठी पूर्वी 'उव्रे' हे क्रियापद होते. ते लॅटिन 'ओपुस'च्या, म्हणजे घडवण्याच्या कुळातले. कामगाराला आजही 'उव्रिये' म्हणतात आणि कामाच्या दिवसाला 'जूर उव्राब्ल'. उघडणे या अर्थाचे 'उव्रीर' क्रियापद जवळचे असल्यामुळे 'उव्राब्ल' म्हणजे दुकाने उघडी असण्याचा दिवस, असे आता पुष्कळ फ्रेंच लोकांनाच वाटते. इटलीत कारखान्यातील कामगार तो 'ओपेराइयो' आणि रंगमंचावरील संगीतनाट्य ती 'ओपेरा'. दोघांची आजी एकच. परंतु सोळाव्या शतकाच्या आसपास फ्रेंचमध्ये 'उव्रे' मागे पडले आणि 'त्राव्हाये' त्याच्या जागी बसले. घडवण्याचा शब्द हरला, सोसण्याचा शब्द जिंकला. याचे एक कारण आम्हाला असे दिसते, की जो आपला दिवस विकतो, त्याच्या हाती दिवसाच्या शेवटी स्वतःची अशी वस्तू राहत नाही. मजुरीवर जगणारांची संख्या वाढत गेली, तसा त्यांच्या आयुष्याला दुसरा शब्दच अधिक लागू पडत गेला.

जर्मन 'आर्बाइट'चे कूळ आणखी दूर जाते, आणि तेथे त्याची आपल्याशी भेट होते. भाषाभ्यासकांनी पुनर्रचलेल्या आद्य इंडो-युरोपीय भाषेत 'ओर्भ' असे एक मूळ आहे. आईबापांवाचून उरलेला, असा त्याचा अर्थ. ग्रीक 'ओर्फानोस' आणि त्यापासून इंग्रजी 'ऑर्फन' याच मुळाचे. संस्कृतात त्याने 'अर्भ' आणि 'अर्भक' ही रूपे घेतली. ऋग्वेदात लहानग्यांसाठी येणारा हा शब्द मराठीत आजही तान्ह्या मुलासाठी आहे. मायेचा तेवढा भाग आपल्याकडे आला. जर्मन भाषांत त्याच मुळापासून एकीकडे वारसा या अर्थाचा 'एर्बे' निघाला, कारण मालक गेला की मालमत्ता पोरकी होते. दुसरीकडे निघाला 'आर्बाइट'. पोरक्या मुलाला कोणाच्या तरी घरी राबावे लागते; त्याचे ते राबणे म्हणजे आर्बाइट, अशी या अर्थाची वाटचाल अभ्यासक सांगतात. साधारण १२०० च्या सुमारास रचलेल्या निबेलुंगांच्या महाकाव्यात पहिल्याच कडव्यात हा शब्द आला आहे, आणि तेथे त्याचा अर्थ वीरांनी सोसलेले महासंकट असा आहे.

स्लाव्ह भाषांत हेच पोरके मूल थेट गुलाम झाले. जुन्या स्लाव्होनिकमध्ये 'राब' म्हणजे दास, आणि दासाचे कर्म ते 'राबोता'. रशियनमध्ये 'राब' आजही गुलाम, 'राबोता' म्हणजे कोणतेही साधे काम, आणि मूल या अर्थाचा 'रेब्योनोक' हाही त्याच घरातला. चेक भाषेत तान्ह्या बाळाला 'रोबे' म्हणतात. आपल्या अर्भकाचे हे सख्खे भावंड. एकाच मुळाच्या एका फांदीवर पाळण्यातले मूल आणि दुसऱ्या फांदीवर जोखडाखालचा माणूस, असे हे झाड आहे.

बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रदेशात, 'रोबोता' या शब्दाला अगदी नेमका कायदेशीर अर्थ होता. जमीनदाराच्या शेतावर कुळाने आठवड्याचे ठरावीक दिवस बिनमोबदला राबायचे, ती रोबोता. १६८० साली कुळांचे बंड झाले. ते चिरडल्यावर सम्राट लिओपोल्डने आठवड्याला तीन दिवस अशी मर्यादा घातली, पण तिला पळवाटा पुष्कळ होत्या. १७७५ मध्ये पुन्हा मोठे बंड झाले. तेव्हा मारिया तेरेझाने नवा आदेश काढून कुळाच्या कराच्या प्रमाणात वेठीचे दिवस बांधून दिले. ही पद्धत संपली ती १८४८ साली. हान्स कुडलिख या तरुण सभासदाने व्हिएन्नाच्या संसदेत ठराव मांडला आणि ७ सप्टेंबर रोजी वेठ रद्द झाली. ऑस्ट्रियातील जर्मन कारभारी या वेठीला शेवटचा स्वर गाळून 'रोबोट' म्हणत. म्हणजे यंत्रमानव जन्माला येण्याच्या कितीतरी आधी रोबोट अस्तित्वात होता, आणि तो हाडामांसाच्या माणसाचा घाम होता.

यंत्रमानवाची कथा त्यानंतरची. १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाने कृत्रिम कामगारांवर एक नाटक लिहिले. हे कामगार लोखंडाचे नव्हते. रसायनांतून घडवलेले, माणसासारखेच दिसणारे होते. त्यांना काय म्हणावे, हे चापेकला सुचेना. लॅटिन लाबोरवरून 'लाबोरी' असा शब्द त्याच्या मनात होता, पण तो पुस्तकी वाटत होता. त्याने आपला चित्रकार भाऊ योसेफ याला विचारले. योसेफ चित्र रंगवीत होता; तोंडात कुंचला धरूनच तो पुटपुटला, की त्यांना 'रोबोटी' म्हण. कारेलने १९३३ साली वृत्तपत्रातील एका टिपणात ही हकिकत सांगून शब्दाचे श्रेय भावाला दिले आहे. ज्यांच्या पणजोबांनी रोबोता केली होती, अशा प्रेक्षकांपुढे हे नाटक १९२१ मध्ये आले. वेठ कायद्याने संपवून पाऊणशे वर्षेही झाली नव्हती. त्यांना तो शब्द भविष्यातला वाटला नसणार. आठवणीतला वाटला असणार.

उरलेल्या दोन शब्दांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. स्लाव्ह भाषांत 'मुका' म्हणजे यातना. तिच्या जुन्या, अनुनासिक रूपावरून हंगेरियन आणि रुमानियन या एकमेकींशी नाते नसलेल्या दोन शेजारणींनी आपापला 'मुंका' घेतला. ग्रीक 'दुल्या' तर आपले मूळ लपवीतही नाही. 'दुलोस' म्हणजे गुलाम. अर्वाचीन ग्रीकमध्ये 'दुलिया' म्हणजे गुलामी आणि 'दुल्या' म्हणजे काम. लिहिताना अक्षरे तीच, आघात तेवढा एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकतो. नोकरी आणि गुलामी यांच्यात एका आघाताचे अंतर ठेवणारी ही भाषा आहे.

आपणही यापासून फार दूर नाही. 'श्रम' म्हणजे थकवाही आणि मेहनतही. 'कष्ट' म्हणजे दुःखही आणि काबाडही. 'कष्टकरी' हे बिरुद आपण गौरवाने लावतो. 'विष्टि' या संस्कृत शब्दापासून आलेली 'वेठ' ही तर रोबोताची प्रतिमाच. भारतीय राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात सक्तीच्या मजुरीवर बंदी आहे, आणि त्या इंग्रजी मसुद्यात 'बेगार' हा आपल्याकडचा शब्द तसाच ठेवावा लागला आहे. परंतु आपल्या रोजच्या 'काम' या शब्दाला यातनेचा डाग नाही. तो 'कर्म'पासून आला, म्हणजे नुसते करण्यापासून. यावरून आपल्याकडे श्रमाला अधिक मान होता असे कोणी म्हणू लागले, तर जातिव्यवस्थेकडे बोट दाखवून त्याला थांबवावे लागेल. शब्द स्वच्छ असला म्हणून व्यवहार स्वच्छ असतो असे नाही, आणि उलटेही खरे नाही.

मग यातनेच्या शब्दांना प्रतिष्ठा आली कोठून? पहिली पायरी मठांत आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत साधूंना रोज हातांनी काम करण्यास सांगितले. आळस हा आत्म्याचा शत्रू, हे त्याचे कारण. प्रार्थना आणि काम यांची जोडी लावणारे लॅटिन बोधवाक्य त्याच्या नावावर सांगतात, पण ते त्या नियमावलीत नाही. ते नंतरचे आहे. दुसरी पायरी मार्टिन ल्यूथरची. बायबलच्या भाषांतरात त्याने 'बेरुफ' हा शब्द अशा रीतीने वापरला, की जी ईश्वरी हाक पूर्वी केवळ धर्मसेवकांना येत असे, ती चांभाराला आणि सुताराला त्याच्या धंद्यात येऊ लागली. माक्स वेबरने १९०४-०५ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात या शब्दावर भर दिला आहे. तिसरी पायरी अर्थशास्त्राची. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकने मालकीचा उगम श्रमात दाखवला, आणि १७७६ मध्ये ॲडम स्मिथने राष्ट्राच्या संपत्तीचा. जो शब्द शाप होता, तो आता संपत्तीचा झरा ठरला.

एवढे झाल्यावर तो झरा ज्यांच्या अंगातून वाहत होता, ते गप्प राहणे शक्य नव्हते. लुई ब्लांचे कामाच्या संघटनेवरील पुस्तक १८४० मध्ये निघाले. १८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि हंगामी सरकारने प्रत्येक नागरिकाला 'त्राव्हाय' देण्याची हमी दिली. राष्ट्रीय कार्यशाळा निघाल्या. जूनमध्ये त्या बंद करण्याचे ठरताच कामगार रस्त्यावर आले आणि लष्कराने त्यांचा उठाव रक्तात बुडवला. एकाच वर्षी व्हिएन्नात शेतकऱ्यांना रोबोटमधून सुटका मिळाली आणि पॅरिसमध्ये कामगार त्राव्हायचा हक्क मागत मेले. यातनेचा शब्द हक्काचा शब्द झाला तो येथे. ही मागणी सर्वांनाच पसंत नव्हती. मार्क्सचा जावई पॉल लाफार्ग याने १८८० साली आळसाच्या हक्कावर पुस्तिका लिहिली आणि कामावर जडलेली ही भक्ती हाच कामगारांचा खरा रोग, असे ठणकावले.

काम थांबवण्याच्या शब्दांतही हाच इतिहास उमटला आहे. पॅरिसमध्ये सेन नदीकाठी 'प्लास द ग्रेव्ह' नावाचा चौक होता. १८०३ मध्ये त्याचे नाव बदलले. कामाच्या शोधातील मजूर तेथे उभे राहत. 'ग्रेव्हवर असणे' म्हणजे आधी काम मिळण्याची वाट पाहणे. पुढे त्याचा अर्थ काम नाकारणे असा झाला, आणि फ्रेंच संपाला 'ग्रेव्ह' म्हणू लागले. इंग्रजी 'स्ट्राइक' १७६८ साली लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरवली, तेव्हापासूनचा. इटालियन 'शोपेरो' म्हणजे 'ओपुस'मधून बाहेर पडणे. रशियन 'झाबास्तोव्का'च्या पोटात 'बास्ता', म्हणजे 'पुरे', हा इटालियन शब्द आहे. आणि मराठीतील 'संप' मुळात एकोप्याचा शब्द आहे. गुजरातीत तो अर्थ आजही जिवंत आहे. काम करण्याला यातनेची नावे मिळाली, ते सोडण्याला मात्र पुरे म्हणण्याची, बाहेर पडण्याची आणि एक होण्याची.

येथवर ही कथा चढत्या कमानीची वाटेल. पण विसाव्या शतकाने तिला वेगळेच वळण दिले. लोरेन्झ डिफेनबाख या जर्मन लेखकाची एक कादंबरी १८७३ मध्ये निघाली. एक जुगारी माणूस कष्टांतून सन्मार्गाला लागतो, असा तिचा आशय, आणि शीर्षक 'आर्बाइट माख्ट फ्राय', म्हणजे 'काम मुक्त करते'. हा डिफेनबाख भाषाशास्त्रज्ञ होता. त्याने गॉथिक भाषेचा तौलनिक कोश रचला होता. आर्बाइटचे गॉथिक भावंड हालअपेष्टांसाठी वापरले जाई, हे त्याच्याइतके फार थोड्यांना माहीत असेल. त्याच्या शीर्षकाचे पुढे काय होणार, हे मात्र त्याला माहीत असणे शक्य नव्हते.

१ मे हा आंतरराष्ट्रीय कामगार चळवळीचा दिवस. १९३३ साली सत्तेवर आलेल्या नाझींनी त्याला राष्ट्रीय कामाचा दिवस म्हणून पगारी सुट्टी जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली. शब्दाचा गौरव आणि माणसांची मुस्कटदाबी यांत चोवीस तासांचेही अंतर नव्हते. मग दाखाऊ, साक्सेनहाउझेन आणि आउशविट्झ येथील छळछावण्यांच्या दारांवर डिफेनबाखचे शब्द लोखंडात उभे राहिले. आउशविट्झची पाटी कैद्यांनाच करावी लागली. तिच्यातील 'आर्बाइट'मधले 'बी' हे अक्षर उलटे आहे. ते निषेध म्हणून मुद्दाम तसे बसवले, असे तेथून वाचलेले कैदी सांगत. फ्रान्समध्ये १९४० साली पेतांच्या राजवटीने प्रजासत्ताकाचे बोधवाक्य काढून काम, कुटुंब आणि पितृभूमी अशी त्रयी आणली, आणि १९४३ च्या फेब्रुवारीत कायदा करून फ्रेंच तरुणांना सक्तीच्या 'त्राव्हाय'साठी जर्मनीला धाडले. रशियात कामाचा दुसरा, भारदस्त शब्द 'त्रुद'. 'अवघड' या अर्थाचा शब्दही त्यापासूनच होतो. श्रमिकांच्या या राज्यात कैद्यांच्या छावण्यांच्या अधिकृत नावातही हाच शब्द होता : सुधारक श्रमछावणी.

'रोबोट' हा शब्द जगाला देणाऱ्या योसेफ चापेकची अखेर येथेच झाली. नाझींच्या विरोधात व्यंगचित्रे काढणाऱ्या योसेफला १ सप्टेंबर १९३९ रोजी अटक झाली. कारेल आधीच, १९३८ च्या डिसेंबरात, वारला होता. योसेफला दाखाऊला नेले, मग बुखेनवाल्डला, मग साक्सेनहाउझेनला. १९४५ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना, बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीत तो गेला. वेठीच्या जुन्या शब्दाला ज्याने नवे आयुष्य दिले, त्याला आर्बाइटची थोरवी सांगणाऱ्या दारांतून एकदा नव्हे, दोनदा आत जावे लागले. एकाच मुळाचे दोन शब्द, 'रोबोट' आणि 'आर्बाइट', एका माणसाच्या आयुष्यात असे समोरासमोर आले.

एवढ्या प्रवासानंतर आमच्या हाती जे लागते, ते असे. काम म्हणजे यातना, कारण शब्दाचे मूळ तसे आहे, हा युक्तिवाद टिकत नाही. जन्माने काळे असलेले शब्द माणसांनी झगडून उजळ केले आहेत. युद्धानंतर इटलीची नवी राज्यघटना १ जानेवारी १९४८ रोजी अमलात आली. हे प्रजासत्ताक 'लाव्होरो'वर उभे आहे, असे तिच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे. ज्या शब्दाचा अर्थ कधी काळी पाठीवरचे ओझे होता, त्याला पायाचा दगड केले गेले, ही साधी गोष्ट नव्हे. फॅसिस्ट राजवट भोगलेल्या लोकांनी ते विचारपूर्वक केले होते.

पण उजळलेला शब्द हा कोणाच्याही हाती पडू शकणारा ऐवज आहे, हेही तितकेच खरे. कामाची थोरवी जेव्हा काम करणारा सांगतो, तेव्हा तो बहुधा काही मागत असतो : मोबदला, विश्रांती, माणूस म्हणून ओळख. तीच थोरवी काम करवून घेणारा सांगू लागला, की तो बहुधा काही देणे टाळत असतो. शब्द एकच, फरक पडतो तो कोण कोणाला ऐकवतो यात. म्हणून श्रमप्रतिष्ठेचे भाषण कानी आले, की शब्दाचे मूळ शोधण्याआधी वक्त्याचे हात पाहावेत.

यंत्रे माणसांची कामे घेतील काय, ही चर्चा आज सर्वत्र चालू आहे, आणि तिच्यात 'रोबोट' हा शब्द हरघडी येतो. तो उच्चारताना एवढे आठवले तरी पुरे, की आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्याच्या शेतात फुकट राबणाऱ्या कुळाचा तो शब्द आहे. आणि त्याही आधी, आपल्या 'अर्भका'प्रमाणेच, कोणा पोरक्या लेकराचा.